पेंगबाबांची वीट

नानजिंग, १२ ऑक्टोबर

लिएन,

वीट सापडली.

मायना घालत नाही. नऊ वर्षं न बोलणाऱ्या बहिणीला 'प्रिय' लिहायचं की 'चिरंजीव', यात माझी सगळी सकाळ गेली, म्हणून सरळ मुद्द्यावर आले. आईची लोणच्यावरची वीट सापडली. चीमिंगच्या देवळामागून तटाचा जो भाग श्वेनवू तळ्याच्या कडेने जातो, तिथे, आतल्या कठड्यात, खालून तिसऱ्या थरात. नाव दर्शनी बाजूला आहे. पेंग शौयी. मी बोट फिरवून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, मग तुझ्या भाऊजींना खालून वर बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आहे बाई, पेंगच आहे. आता घरी चल, बदक घेऊन ठेवलंय, ते वाळून जाईल."

एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. आपल्या विटेचा उडालेला होता का, ते मला आठवत नाही. उडालेला असेल.

फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. टपालकचेरीतल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवत विचारलं, "आजी, आत नुसतं पत्रच आहे?" मी म्हटलं, "नुसतं कसं, नऊ वर्षांचं आहे." तिने शिक्का मारला.

मला एकच मागायचंय. येत्या सोळाव्याला ये. आपल्या पंचांगातल्या पहिल्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी अख्खं शहर तटावर चढतं, वर्षभराची दुखणी पायाखाली तुडवून खाली उतरतं. आई आपल्या दोघींना दोन हातांना धरून न्यायची. या खेपेला तो दिवस चार मार्चला येतोय. आणि मार्चच्या शेवटी माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, नंतर तटाच्या पायऱ्या विसरा. तेव्हा तुझ्याबरोबर वर चढायचं असेल तर मला हा एकच सोळावा उरलाय.

तुला दया यावी म्हणून हे लिहिलेलं नाही. थोडं त्यासाठीही लिहिलंय.

ताई


नानजिंग, २ नोव्हेंबर

लिएन,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणजे पत्र पोचलं, एवढी मी तुला ओळखते. पोचलं नसतं तर ते तरी परत आलं असतं.

आपल्या भांडणाची माझी बाजू मी कधी लिहिली नाही. तू ऐकलीच नसतीस. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून आता लिहिते.

आई गेली त्याच थंडीत आपली गल्ली पाडण्याची नोटीस लागली. तटाच्या कार्यालयाने माणसं घरोघर पाठवली. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत लोकांनी पडक्या तटाच्या विटा आणून चुली बांधल्या, ओटे बांधले, कोंबड्यांची खुराडी बांधली. घरं पाडण्याआधी त्या परत करा, दुरुस्तीला लागतील, असं सांगायला जी माणसं फिरत होती त्यात मी होते. दक्षिण वेशीवर तिकिटं फाडण्यात माझी तीस वर्षं गेली, तट मला माझ्या माहेरचा वाटतो. पाई काकूंच्या दारात उभी राहून मी त्यांना समजावत होते की ही सगळ्या शहराची ठेव आहे, वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फांग, शहाणपण पुरे. तुझ्या आईच्या रांजणावर काय बसलंय ते आधी सांग."

सगळी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी मी आपल्या ओट्याच्या विटा गाडीवर चढवल्या आणि त्यांच्यावर लोणच्याची वीट. ती आईच्या निळ्या फडक्यात बांधलेलीच होती, तशीच उचलून दिली. कार्यालयाने मला लाल कागदाचं फूल लावलं, प्रशस्तिपत्र दिलं. पेपरात फोटो आला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

आईने ती वीट तुला दिली होती, हे मला माहीत होतं. दवाखान्यात ती माझ्यासमोरच म्हणाली, "पेंगबाबांना लिएन घेऊन जाईल." आईला वाचता येत नव्हतं. दर वर्षी लोणच्यासाठी पाला खारवून रांजणात दाबला की ती वीट वर ठेवायची आणि तुला हाक मारायची, "वाच गं, पेंगबाबा आहेत ना जागेवर?" तू बोट ठेवून वाचायचीस. कुठला प्रांत, कुठला अंमलदार, कुठली भट्टी, आणि शेवटी घडवणारा पेंग शौयी. वीट खराब निघाली तर कुणाला धरायचं ते बादशहाला कळावं म्हणून कोरलेली ती नावं. आपल्या घरात त्यांना लोणचं खराब झालं की धरायचे. आई खरंच म्हणायची, "पेंगबाबांनी यंदा लक्ष दिलं नाही."

तरी मी ती दिली. कार्यालयाचं काम करणाऱ्या बाईने दुसऱ्यांच्या चुली मोडायच्या आणि स्वतःच्या घरची वीट लपवायची, हे बरं दिसलं नसतं. हे कारण मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच सांगते.

मग स्टेशन. दारात गर्दी होती, तुझी ती चाकांची बॅग एका बाजूला कलली होती, मी उचलायला हात पुढे केला. तू माझ्या हातावर फटका मारलास आणि म्हणालीस, "हात लावू नकोस. तू आईलाही सरकारजमा केलीस."

त्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी त्या दारात किती वेळ उभी होते ते तुला माहीत नाही. एका माणसाने मला विचारलं की रांग इथून सुरू होते का.

आता वीट सापडली आहे. तिला उन्हं लागतात, समोर तळं दिसतं, वसंतात देवळाच्या वाटेवरची चेरीची झाडं फुलतील ती तिला वरून दिसतील. आपल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरापेक्षा बरी जागा आहे. येऊन बघ.

ताई


नानजिंग, २४ नोव्हेंबर

लिएन,

खोकं मिळालं. तुमच्या लांझोऊच्या लिलीचे कांदे, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला. मी खोक्याच्या तळाशी पाहिलं, प्रत्येक कागद उलटून पाहिला, एका कागदावर बटाट्यांची जाहिरात होती. तू एक ओळही लिहिली नाहीस. पण पत्ता तुझ्या अक्षरात होता. मी तो कापून आरशात अडकवलाय. भाऊजींनी कांदे साखरेच्या पाकात उकडून खाल्ले आणि म्हणाले, "रागावलेली माणसं इतकं गोड पाठवत नाहीत." त्यांना अक्कल कमी असली तरी जीभ चांगली आहे.

आज मी पाला खारवला. नव्या घरात बाल्कनीत वाळवावा लागतो. खालच्या मजल्यावरची नवी सून तक्रार करायला वर आली आणि वाटीभर घेऊन गेली. रांजणावर मी नदीकाठचा गोटा ठेवते. चव येते, पण ती नाही.

दर रविवारी मी पेंगबाबांना भेटायला जाते. बसने देवळापर्यंत, मग पायऱ्या. अठ्ठावन्न आहेत, त्यातल्या तिसाव्या पायरीवर गुडघा बोलायला लागतो. वर गेले की आधी रुमालाने वीट पुसते, मग बाजूला बसून आठवड्याची हकीकत सांगते. परवा एक तरुण जोडपं मागे उभं राहून ऐकत होतं. मुलगी मला म्हणाली, "आजी, हे तुमचे पूर्वज का?" मी म्हटलं, "नाही, आमच्या लोणच्याचे." त्यांनी माझा फोटो काढला. डोळे उघडे होते, मी विचारून घेतलं.

मग तळ्याच्या बाजूने हळूहळू चालत गेले. तुला दिसायला हवं होतं. तळ्यात वाळलेली कमळं उभी आहेत, पलीकडे जांभळा डोंगर, आणि अलीकडे तटाची सावली पाण्यावर पडलेली. तीस वर्षं मी दक्षिण वेशीत बसून लोकांना "शौचालय डावीकडे" एवढंच सांगत आले, आणि आता निवृत्त झाल्यावर माझं शहर बघतेय. डोंगराच्या पायथ्याशी दगडी हत्तींच्या वाटेवर पानं इतकी पडली आहेत की हत्तींचे पाय दिसत नाहीत. लहानपणी तू उभ्या हत्तीच्या पोटाखालून आरपार जायचीस आणि मला म्हणायचीस, "ताई, तू अडकशील." मी अडकलेही होते. आज गेले असते तर अग्निशामक दल बोलवावं लागलं असतं.

हे सगळं मी सुखात आहे हे कळवायला लिहिलं. मी खरंच सुखात आहे. नवऱ्याची तब्येत बरी, घर उबदार, बदक शंभर पावलांवर मिळतं. एक तेवढं सोडलं तर.

ताई


नानजिंग, ४ जानेवारी

लिएन,

सोळाव्याला दोन महिने राहिले. माझ्याकडे विनवण्या संपल्या, म्हणून आता आमिषं दाखवते.

देवळातल्या भिक्षुणी अजूनही दुपारी त्याच शेवया करतात, वर मशरूम आणि भिजवलेला गव्हाचा गोळा, आणि अजूनही जास्त मागितलं की रागाने बघतात. दक्षिण वेशीच्या आतल्या सैनिकांच्या गुहा आता स्वच्छ केल्या आहेत. आपण उन्हाळ्यात तिथे चटया घेऊन जायचो, आठवतं? सत्तावीस गुहा आणि तू नेमकी कुठली धरून लपायचीस ते मला कधी कळलं नाही. मी कंटाळून घरी गेले होते एकदा. तू संध्याकाळी आलीस, रडून लाल झालेली, आणि आईने मार मला दिला.

नवीन वर्ष लागलं की चिनह्वाई नदीच्या काठी दिव्यांची जत्रा. गर्दी इतकी की पाय उचलला तर परत ठेवायला जागा नसते. तिथे आपण जाणार नाही, लांबून बघू. मार्चच्या सुरुवातीला टेकडीवर मेईच्या झाडांना गुलाबी फुलं असतील. भाऊजी म्हणतात, ते आपल्याला गाडी करून देतील आणि स्वतः येणार नाहीत. एवढा मोठेपणा त्यांनी लग्नातही दाखवला नव्हता.

आणि आमिषांत हे बसत नाही, पण लिहिते. गेल्या रविवारी वर वारा होता, तटावर कुणी नव्हतं. मी त्या विटेसमोर बसून मोठ्याने म्हटलं, "तुमची लिएन येत नाही हो." मग मला माझंच हसू आलं आणि मग नाही आलं.

ताई


नानजिंग, १ फेब्रुवारी

लिएन,

तुझं पत्र आलं. मी ते चार वेळा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून, मग भाऊजींना मोठ्याने, आणि चौथ्यांदा एकटीने.

म्हणजे वीट तुझ्याकडे आहे.

नऊ वर्षं. लांझोऊत, तिसऱ्या मजल्यावर, तुझ्या रांजणावर. आणि मी चार महिने दर रविवारी अठ्ठावन्न पायऱ्या चढून भलत्याच विटेला घरच्या गोष्टी सांगत होते. तिला माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पाठ झाल्या असतील.

मी काल लगेच लू गवंड्याकडे गेले. त्याने तटाच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलंय. मी म्हटलं, लू दादा, पेंग शौयीच्या नावाच्या विटा दोन असू शकतात का? म्हणाला, "वहिनी, तो माणूस विटा पाडून पोट भरत होता. एक वीट पाडून घरी जाऊन झोपला असेल का? माझ्या हातून त्याच्या तीस-चाळीस गेल्या असतील." लिएन, ही गोष्ट मी स्वतः तीस वर्षं लोकांना सांगितली आहे. एकेका माणसाने हजारो विटा घडवल्या, हे दक्षिण वेशीतल्या पाटीवर लिहिलंय आणि ती पाटी मी रोज पुसायचे. पण आपल्या घरचा पेंग म्हटल्यावर तो एकच असणार, असं मी धरूनच चालले.

बाकीचं तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुला कळेल. आईच्या दिवसांत तुला समजलं की मी विटा देणार. तू पाई काकूंच्या कोळशाच्या खोपटातली एक वीट आणलीस, निळ्या फडक्यात बांधून रांजणावर ठेवलीस, आणि आपली वीट स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत घातलीस. काकूंनी स्वतः तुला वीट काढून दिली. ज्या काकू दुसऱ्या दिवशी मला गल्लीदेखत टोचून बोलल्या, त्याच. मी आज सकाळी त्यांच्याकडे गेले. अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुला केव्हाच ठाऊक आहे. बस, बिया खा."

आणि स्टेशनवर मी बॅगेला हात घातला. तू लिहिलंस, "तू ती उचलली असतीस तर लगेच कळलं असतं तुला. वीस किलोची बॅग, आणि आत काय म्हणून सांगणार होते मी? तुझा हात मागे जावा म्हणून मला सुचलेलं सगळ्यात वाईट वाक्य मी बोलले. हात गेला. गाडीत बसल्यावर वाटलं, फोन करावा. पण वाक्य मागे घ्यायचं तर वीट कबूल करावी लागणार, आणि तुझा तर पेपरात फोटो आला होता. मग महिना गेला, मग वर्ष. ताई, मला राग कधी नव्हता. मला तोंड नव्हतं."

इथे मी रडले. भाऊजी पाण्याचा पेला घेऊन आले आणि स्वतःच प्यायले.

मी समजत होते की माझी बहीण माझा द्वेष करते. सकाळी उठल्यावर चहा ठेवायच्या आधी ते मला आठवायचं, रोज. आणि तू तिकडे माझ्यापासून वीट लपवून बसली होतीस. मला हसूही येतं आणि तुझ्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटतो.

तू विचारलंस, आता विटेचं काय करू, तुझं नाव खराब होईल का. मी कार्यालयात गेले. तिथे ची नावाची एक नवी मुलगी बसते, हुशार आहे. तिला म्हटलं, "समजा, एका बाईकडे तटाची वीट राहून गेली असेल तर?" ती म्हणाली, "तर समजा त्या बाईला सांगा, दारात आणून ठेव. लोक अजून आणून ठेवतात, आम्ही काही विचारत नाही. तुमच्या ओळखीची आहे का?" मी म्हटलं, "अजिबात नाही." तिने मान खाली घालून हसणं लपवलं.

तेव्हा विटेची काळजी सोड. वीट सहाशे वर्षांची आहे, तिला घाई नाही. तू त्रेसष्टची आहेस. आधी तू ये.

ताई


नानजिंग, ९ फेब्रुवारी

लिएन,

तिकीट काढलंस असं भाऊजींच्या फोनवर कळवलंस. मला सोडून त्यांना. पण हरकत नाही.

तिकीट रद्द करता येतं, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र आजच टाकते, म्हणजे सणाच्या सुट्टीआधी तुला मिळेल. तू मला खरं लिहिलंस. मी तुला अजून लिहिलं नव्हतं.

मी वीट कर्तव्य म्हणून दिली नाही. ओट्याच्या विटा कर्तव्य म्हणून दिल्या. लोणच्याची वीट कुणी मागितली नव्हती. पाई काकू बोलल्या, लोक हसले, आणि तेवढ्याने विसरले. कार्यालयातल्या आमच्या मुख्य बाई तर मला म्हणाल्या होत्या, "ती आईची आठवण असेल तर थोडे दिवस ठेवा, मग बघू." मी म्हटलं, नको, आत्ताच न्या.

कारण आईने ती तुला दिली.

शेवटची सहा वर्षं आईला मी सांभाळलं. न्हाऊ घालणं, औषधं, रोजचा भात मऊ करणं, सगळं. तू वर्षातून एकदा यायचीस, खजूर आणायचीस, आणि आईचा चेहरा उजळायचा. मी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. पण दवाखान्यात ती म्हणाली, पेंगबाबांना लिएन घेऊन जाईल, तेव्हा मी उशी नीट करत होते. मी थांबून राहिले, की आता माझ्यासाठी काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "फांग, खिडकी लाव."

मी खिडकी लावली. आणि मनात म्हटलं, मग कुणालाच नको.

लाल फूल लावून घेताना मी हेच मनात धरलं होतं. म्हणून फोटोत डोळे मिटलेले आहेत. मी खूप दिवस लोकांना सांगत आले की फोटोवाल्याने घाई केली.

तू सरकारजमा म्हणालीस ते वीट लपवण्यासाठी म्हणालीस, पण ते बरोबर जागी लागलं. म्हणून मी नऊ वर्षांत कधी लांझोऊला आले नाही. गाडी तिकडेही जाते, मलाही तिकीट काढता आलं असतं.

हे वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर मी समजेन. वाटलं तर चार तारखेला सकाळी तटावर जायचं आहे. मऊ तळव्याचे बूट घाल.

फांग


नानजिंग, ६ मार्च

लिएन,

तुझी गाडी आत्ता कुठे पोचली असेल, शिआनच्या पुढे असेल. घरात तुझी चप्पल राहिली आहे. भाऊजी ती घालून फिरताहेत आणि म्हणताहेत की त्यांना बरोबर बसते.

तू पाच दिवस राहिलीस. वीट न आणता आलीस, हे मी दारातच पाहिलं. तू म्हणालीस, "आणणार होते, पण रांजणात अजून थंडीचा पाला आहे. आत्ता वीट उचलली तर सगळा नासेल. उन्हाळ्यात, रांजण रिकामा झाला की आणते." कार्यालयातून निवृत्त झालेली बाई म्हणून मी यावर काही बोलायला हवं होतं. पण चांगला दाबलेला पाला मध्येच कोण उघडतं? मी म्हटलं, बरोबर आहे.

तू आलीस त्या दिवसापासून माझ्या त्या पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. बदकाबद्दल बोललीस, माझ्या पडद्यांना नावं ठेवलीस, हत्तींच्या वाटेवर बसून तुझ्या सुनेची तक्रार केलीस. मी रोज वाट पाहत होते. पत्र मिळालं नसेल, असंही वाटलं. रोज विचारायचं ठरवत होते आणि रोज तुला आणखी एक वाडगा सूप वाढत होते.

मग चार तारीख. अठ्ठावन्न पायऱ्यांना आपल्याला वीस मिनिटं लागली, मागून येणारे लोक "आजी, सावकाश" म्हणत पुढे जात होते, आणि तू प्रत्येकाला सांगत होतीस की आजी ही आहे, तू धाकटी. वर माणसंच माणसं. लहान पोरं, म्हातारे, एक बाई आपल्या मांजराला पिशवीत घालून आलेली, त्याचीही दुखणी जावीत म्हणून. मी तुला त्या भलत्या विटेपाशी नेलं. तू चष्मा वर करून वाचलंस, अगदी तसंच, बोट ठेवून. अंमलदार, भट्टी, पेंग शौयी. मग विटेला म्हणालीस, "माफ करा हं, आमच्या ताईने चार महिने तुमचं डोकं खाल्लं."

मी हसले, आणि हसता हसता विचारून टाकलं. "लिएन, माझं शेवटचं पत्र मिळालं होतं का?"

तू तळ्याकडे बघत होतीस. म्हणालीस, "मिळालं. त्यात नवीन काही नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आई ते म्हणाली तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी होते. तू खिडकी लावायला वळलीस. काचेत तुझा चेहरा दिसला मला. तेव्हाच कळलं की तू ती वीट ठेवणार नाहीस. म्हणून तर आधीच पळवली."

मागून कुणीतरी ढकललं, आपण पुढे सरकलो. तू माझा हात धरलास, डावा, गुडघ्याच्या बाजूचा. तिथे सांगायचं राहिलं, ते आज लिहिते. नऊ वर्षं मला वाटत होतं की माझ्या मनात काय आलं ते कुणालाच दिसलं नाही. तू ते पाहिलं होतंस, आणि तरीही आलीस.

ताई